आप्पांच्या वाट्याची अर्धी ओवी

सिदू : दोनदा हाक मारली. ऐकू आली न्हाय व्हय?

मायाक्का : आली की, आप्पा. उठून कडी काढली ना लगेच.

सिदू : कडी काढलीस. तोंडानं काय बोलली न्हाईस.

मायाक्का : दार उघडलं म्हणजे मी घरात आहे, असंच झालं की.

सिदू : दार काय, वाऱ्यानं बी उघडतंय. हाक मारली की हाक द्यावी माणसानं. न्हायतर ती तशीच हुबी ऱ्हाती गल्लीत, अनवाणी.

मायाक्का : सगळ्या गल्लीला पाठ झालीय तुमची हाक. 'हायस का गं माये, हायस का.' रोज त्याच सुरात. समोरच्या नरसम्माची पोरं मी शाळेतून येताना मला तशीच हाक मारतात. बाई म्हणून काही मानच राहिला नाही.

सिदू : त्यांना तरी व्हय म्हणतीस का?

मायाक्का : आप्पा!

सिदू : बरं, ऱ्हायलं. पाणी दे. आज गिरणीच्या खात्यात सुताची धूळ लई व्हती. घसा बघ कसा झालाय, जुन्या कडीगत.

मायाक्का : घसा बसलाय आणि तरी आल्यापासून गुणगुणताय. आलं घालून चहा करते. जरा गप्प बसाल?

सिदू : गप्प बसून कसं भागंल? ऐतवारी बिरुबाच्या देवळात गायचं हाय. निंगप्पा दुधनीवरनं येतोय. 'पाणी काळं... वाट पुसली... कोकरू निजलं...'

मायाक्का : हे मी पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय. कोकरू निजलं. कुणाचं कोकरू? कुठं निजलं?

सिदू : ते निंगप्पाकडं हाय.

मायाक्का : कोकरू?

सिदू : ओवीच्या वळीचं तोंड गं. तो वळ टाकतो, मी झेलतो. तोंड त्याच्याकडं, शेवट माझ्याकडं. उगंच का झीलकरी म्हणतेत?

मायाक्का : मुलींच्या वहीत असं वाक्य आलं तर मी खाली लाल रेघ मारते. कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं 'वाट पुसली'.

सिदू : मार की. माझ्याबी खाली मार एक रेघ.

मायाक्का : पण सगळी ओवी तुम्ही कधीच म्हणत नाही? एकट्यानं?

सिदू : एकट्यानं म्हणलं की ती ओवी न्हाय ऱ्हात, रडणं हुतंय. तू ये की ऐतवारी. दिवसाउजेडी हाय, सांजच्या आत माघारी. तुझी आई असताना सोडायची न्हाय, आता कोण अडवतंय?

मायाक्का : पेपर तपासायचे आहेत, आप्पा. दोन वर्गांचे. पुढच्या खेपेला नक्की.

सिदू : पुढच्या खेपेला. बरं. मग पटका तरी आण. नवी पेठेत त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गुलाबी बघून ठिवलाय. मी गेलो की त्यो दुकानदार भाव चढवतो. तुला बाईसाहेब म्हणंल, कमी करंल.

मायाक्का : शनिवारी अर्धी शाळा आहे. येताना आणते. गुलाबीच?

सिदू : गुलाबीच. निंगप्पा पिवळा बांधतो. दोघं एका रंगात हुबं ऱ्हायलो तर वळ कुणी टाकली, कुणी झेलली, कळायचं कसं?

मायाक्का : घ्या चहा. गरम आहे.

सिदू : साखर जादा पडलीय. असू दे. उद्या पहिली पाळी हाय, लवकर उठीव.

मायाक्का : उठवते.

(आप्पा वारले. त्यांच्या दिवसाचं जेवण उद्यावर आलं आहे. दुपारी त्याच घरात मायाक्का, आप्पांची थोरली बहीण गोजाबाई आणि दुधनीहून आलेला निंगप्पा.)

गोजाबाई : टेका भिंतीला, निंगप्पा. उन्हाचं आलायसा. आन् त्यो ढोल उंबऱ्याबाहीर का ठिवलाय? आत घ्या की.

निंगप्पा : असू दे, अक्का. आज त्यो आत यायचा न्हाय. कसं झालं म्हणालीस मायाक्का अव्वा, सिदूचं?

मायाक्का : सकाळी मी उठवलं. भाकरी बांधून दिली. पहिल्या भोंग्याला गेले. गिरणीच्या फाटकाशी चपलेतला खडा काढायला खाली बसले, ते उठलेच नाहीत. असं सांगतात.

निंगप्पा : खडा काढायला.

गोजाबाई : किती येळा इचारशीला? दारात इचारलं, आंघुळीला पाणी दिलं तवा इचारलं.

निंगप्पा : ध्यानात ऱ्हात न्हाय, अक्का. ऐकतो, आन् पुन्हा वाटतंय, सिदूलाच इचारावं कसं झालं.

गोजाबाई : हिचं तर त्याहून. भाऊ गेला बिस्तरवारी. शनवारी ही पोरगी उठली, वेणी घातली, नवी पेठेत गेली आन् पटका घिऊन आली. घरात माणसं बसल्याली. दुकानदारासंगं भाव केला म्हणं!

मायाक्का : कबूल केलं होतं, आत्या.

गोजाबाई : मेलेल्या माणसाला पटका? लोक काय म्हणत्यात?

मायाक्का : मला दुकानातून बाहेर पडेपर्यंत आठवलंच नाही. म्हणजे आठवत होतं. पण ते एका बाजूला, आणि शनिवारी पटका आणायचा, हे एका बाजूला. दोन्ही खरंच होतं.

निंगप्पा : गुलाबी?

मायाक्का : गुलाबी.

निंगप्पा : झ्याक केलंस. आता माझं ऐक, मायाक्का. मी एका कामाला आलोय. आमच्या जोडीची एक रीत हाय. माझ्या बापानं घालून दिलेली. दोघांतला एक गेला तर त्याच्या दिवसाला दुसऱ्यानं त्याची आवडीची ओवी पुरी म्हणायची. एक वळ तुटाय न्हाय पायजे. पुरी झाली की ढोल आत. तुटली तर ढोलाची कातडी उतरवायची, पुन्हा गळ्यात घालायचा न्हाय.

मायाक्का : मग म्हणा ना काका. तुम्हाला तर झोपेतसुद्धा पाठ असेल.

निंगप्पा : तेच सांगाय आलोय. मला येत न्हाय.

गोजाबाई : काय येत न्हाय?

निंगप्पा : ओवी.

गोजाबाई : जलम गेला की गाण्यात! डुया पांढऱ्या झाल्या!

निंगप्पा : माझी निम्मी येती. वळ टाकली की मी दम घ्यायचो, ढोल सांभाळायचा, म्होरली वळ बघायची. सिदूचं कानावर पडायचं. पर कसं? घरात चूल पेटलेली असती तसं. हाय, एवढंच ठाव. कोण तिच्याकडं बघत बसतंय? परवा शेतात बसून म्हणाय लागलो. 'माळाच्या पल्याड', म्हणलं. आन् थांबलो. म्होरं काय, आठवंना. वाट बघितली. कुणी बोलंचना.

गोजाबाई : ते झांजा वाजवणारे कैताळवाले चौघं हायत की. त्यांना इचारा.

निंगप्पा : इचारलं. ते वळ संपली की 'हां' म्हणत्यात. चौघांत मिळून एक 'हां'. तेवढंच येतंय त्यांना, पर लई चांगलं येतंय. म्हणून तुझ्याकडं आलो, अव्वा. तू शिकलेली. लिहून ठिवलं असशील.

मायाक्का : नाही, काका. एकदा बसले होते लिहायला. 'पाणी काळं, काठी टेकली, कोकरू निजलं.' कागदावर किराण्याची यादी दिसायला लागली. सोडून दिलं.

निंगप्पा : पर हे येतंय की तुला! आता म्हणलीस तेच!

मायाक्का : हे येतं. शेवट सगळे येतात. रोज ऐकलेत. पण कशाचे शेवट, ते मला कधीच कळलं नाही.

गोजाबाई : मग भांडण कसलं? ह्यांच्याकडं तोंड हाय, हिच्याकडं शेपूट हाय. लावा एकाला एक.

निंगप्पा : लावू. ऐक. 'माळाच्या पल्याड...'

मायाक्का : आप्पा नेहमी 'पाणी काळं'पासून सुरू करायचे.

निंगप्पा : 'माळाच्या पल्याड, पाणी काळं.' न्हाय. माळाला पाणी कुटलं? पाणी असतं तर मेंढरं घिऊन कशाला हिंडलो असतो? दुसरी बघू. 'थोरल्यानं काठी...'

मायाक्का : 'वाट पुसली'?

गोजाबाई : काठीनं वाट पुसली? केरसुणी हाय का ती?

निंगप्पा : थांबा हो अक्का. 'आडरानी आड...'

मायाक्का : 'कोकरू निजलं.'

निंगप्पा : अगं, आडात कोकरू निजलं म्हंजी मेलंच की ते!

गोजाबाई : उद्या दिवसाला असलं म्हणलं तर माणसं जेवायची न्हाईत.

मायाक्का : मला झोपवताना ते हेच म्हणायचे. कोकरू निजलं, कोकरू निजलं. मी ते स्वतःबद्दल समजत होते. आणि 'पाणी काळं' म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातलं, गटारीतून येतं ते. 'काठी टेकली' म्हणजे दिवस संपला. 'वाट पुसली' म्हणजे आई गेली. मी सगळ्याला काहीतरी अर्थ लावून ठेवलाय, काका. आता तो निघत नाही.

निंगप्पा : तसलं काय न्हाय त्यात. गोष्ट लई साधी हाय. दोघं भाऊ मेंढरं घिऊन गेल्यात. वारं सुटलं, मेंढरं पांगली.

मायाक्का : 'मेंढरं पांगली.' आहे. हे आहे माझ्याकडे.

निंगप्पा : हाय? मग तीच पयली! 'माळाच्या पल्याड, मेंढरं पांगली.' बघ, बसली. म्होरं, वारं हाय. 'सांजच्या वाऱ्यानं...'

मायाक्का : वाऱ्यानं धुळीत पावलं राहिली नाहीत. 'वाट पुसली.'

निंगप्पा : व्हय! व्हय की! 'थोरल्यानं काठी...'

मायाक्का : 'उभी टेकली.' 'काठी टेकली' नाहीच ते. आप्पा 'उभी टेकली' म्हणायचे, काठी मी घातली.

गोजाबाई : आन् 'आडरानी आड'?

मायाक्का : 'पाणी काळं.' आडातलं पाणी. म्हणजे कोकरू...

निंगप्पा : 'धाकट्याच्या खांद्यावर...'

मायाक्का : 'कोकरू निजलं.'

गोजाबाई : निजलं बाई एकदाचं. खांद्यावर निजलं. जीव भांड्यात पडला.

निंगप्पा : आता सुरात घिऊ. ढोल न्हाय, मांडीवर ठेका धरतो. 'माळाच्या पल्याड...'

मायाक्का : ...'मेंढरं पांगली.'

निंगप्पा : न्हाय. पुन्हा. 'माळाच्या पल्याड...'

मायाक्का : ...'मेंढरं पांगली.' चुकलं?

निंगप्पा : शबूद बरुबर हाय. पर मधी भोक पडतंय. बैलगाडी जाईल एवढं.

गोजाबाई : तो म्हणतोय तवर तू गप का बसतीस गं?

मायाक्का : काकांचं संपू द्यायला नको? मोठं माणूस बोलत असताना मध्येच कसं...

गोजाबाई : हे बोलणं न्हाय. मधीच पडायचं असतंय ह्यात. सिदू ल्हानपणी बाच्या बोलण्यात असाच मधी पडायचा, लई मार खायचा. बा म्हणायचा, ह्याला झील धराय घाला, तितं तरी त्वांड कामाला यील.

निंगप्पा : माझा दम सुटायच्या आत तुझा सूर लागला पायजे, अव्वा. माझं शेवटचं अक्षर आन् तुझं पयलं, एकाच वक्ताला. भांडं हातातनं सुटल्यावर झेलायचं नसतंय. हातातच धरायचं.

मायाक्का : मग मी तुम्हाला सगळे शेवट नीट सांगते. दुपारभर बसू. तुम्हीच उद्या दोन्ही म्हणा.

निंगप्पा : एका तोंडानं? वळ टाकता टाकता झेलायची? आत्ताच सांगितलं न्हव का.

मायाक्का : मी गात नाही, काका. मी कधीच गायले नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी ओठ हलवते फक्त.

गोजाबाई : आन् बाईमाणसानं फडात झील धरायची? बिरुबाचं लोक काय म्हणत्याल?

निंगप्पा : आजवर कुणी धरली न्हाय. उद्या धरली तर चालंल का, मलाबी ठाव न्हाय. काल मी घरात बसून तेच इचार करत व्हतो. चालंल वाटायचं, मग न्हाय वाटायचं. शेवटी म्हणलं, ढोल तरी घिऊन जावं. पर एवढं कळतंय, सिदूचं शबूद दुसऱ्या कुणाच्या तोंडात ऱ्हायले न्हाईत.

गोजाबाई : पटका बी हिनंच आणलाय म्हणा.

मायाक्का : आत्या, पटक्याचं पुरे.

गोजाबाई : मी काय वाईट बोलले? म्हणा, निंगप्पा. भाकरी थापायच्यात मला.

निंगप्पा : 'माळाच्या पल्याड...'

मायाक्का : 'मेंढरं पांगली.'

निंगप्पा : 'सांजच्या वाऱ्यानं...'

मायाक्का : 'वाट पुसली.'

निंगप्पा : आता जवळ आलं. 'थोरल्यानं काठी...'

मायाक्का : 'उभी टेकली.'

निंगप्पा : 'आडरानी आड...'

मायाक्का : 'पाणी काळं.'

निंगप्पा : 'धाकट्याच्या खांद्यावर...'

मायाक्का : 'कोकरू निजलं.'

निंगप्पा : काय झालं, अक्का?

गोजाबाई : काय न्हाय. डोळ्यात पीठ गेलं.

मायाक्का : आत्या, तुम्ही अजून परात घेतली नाही.

गोजाबाई : मग जायचं असंल. तुमचं चालू द्या.

निंगप्पा : आता एकच ऱ्हायली. दोघं भाऊ चुकलेत. थोरला अल्याडच्या डोंगरी हुबा, धाकटा कोकरू घिऊन पल्याड. मधी अंधार. थोरला हाक मारतो. 'अल्याडच्या डोंगरी, हायस का रं गड्या, हायस का...'

मायाक्का : पुन्हा म्हणा.

निंगप्पा : 'हायस का रं गड्या, हायस का...'

मायाक्का : ही आप्पांची हाक आहे.

निंगप्पा : न्हाय, ही माझी वळ. सिदूची ह्याच्या म्होरं.

मायाक्का : नाही, काका. गिरणीतून आले की दारात रोज हीच. 'हायस का गं माये, हायस का.' याच सुरात. शेवटी असंच लांबवून, वर सोडून द्यायचे.

निंगप्पा : सिदू माझी वळ म्हणायचा? जलमात कधी म्हणली न्हाय त्यानं माझी वळ. मी आजारी होतो तवा बी न्हाय म्हणला. म्हणायचा, टाकायचं काम माझं न्हाय.

मायाक्का : घरी म्हणायचे. ही एकच.

गोजाबाई : मग झील कोण धरायचं?

मायाक्का : मी कडी काढायचे.

गोजाबाई : अगं, पर...

मायाक्का : उठायचे, कडी काढायचे. एवढंच. पुस्तकात बोट घालून.

निंगप्पा : ह्याचं उत्तर त्यानं घरात कधी म्हणलं न्हाय? एकदा बी?

मायाक्का : नाही. बाकीचे सगळे शेवट घरी होते. याचा नव्हता. तुम्ही तर शेजारी उभे असायचात, काका. काय म्हणायचे आप्पा?

निंगप्पा : तितं ढोल दुणीत, दुप्पट चालीत जायचा, कैताळं उठायची, माणसं भंडारा उधळायची. मला नुसतं त्याचं त्वांड दिसायचं, गुलाबी पटक्याखाली, उघडल्यालं. ऐकलं न्हाय मी. इतक्या वर्सांत एकदा बी ऐकलं न्हाय. मला वाटायचं, त्यो हाय की तितं. ऐकायचं काय त्यात?

मायाक्का : मग ही वळ तुटणार.

निंगप्पा : मला काय सुधरंना, अव्वा. इतपत आलो आन् हितं येऊन...

गोजाबाई : तुमी दोघं बी शानं, आन् दोघं बी येडं. अंधारात भाऊ हाक मारतोय, हायस का म्हणून. खांद्यावर कोकरू घिऊन हुबं असल्यालं माणूस काय म्हणंल? त्याला पाठ करावं लागतंय?

निंगप्पा : सिदू तेच म्हणत असंल का?

गोजाबाई : मला काय ठाव? आन् आता कुणाला ठाव? जे यील ते.

निंगप्पा : टाकू का मी? मायाक्का?

मायाक्का : थांबा. खिडकी लावते. नरसम्माची पोरं आहेत समोर.

गोजाबाई : असू दे उघडी.

निंगप्पा : थांबायचं न्हाय हां. माझा दम सुटायच्या आत. 'अल्याडच्या डोंगरी, हायस का रं गड्या, हायस...'

मायाक्का : हाय, आप्पा. हाय. हितंच हाय मी.